मोतीबिंदूच्या हिवाळ्यातले पाहुणे

मिठागराच्या बांधाला एक झडप असते. खाडीचं पाणी आत घ्यायची, बाहेर सोडायची. तिला आम्ही उघाडी म्हणतो. उघाडीच्या तोंडाशी गाळ साठतो. कोणी आणून टाकत नाही. प्रत्येक भरती चिमूटभर सोडून जाते आणि एक दिवस झडप उघडत नाही. मग फावडं घ्यावं लागतं. आमच्या रविवारच्या ग्रुपच्या किश्श्यांचं तसंच झालंय. म्हणून आज फावडं घेतो.

मी नाना. जूचंद्रच्या बाजूला चाळीस वर्षं मीठ पिकवलं. शिक्षण चौथी. पुढे आमचं मीठ बंद झालं. थंडीत लांबून येणारे पक्षी मात्र यायचे थांबले नाहीत आणि त्यांना बघायला येणारे तिघेही थांबले नाहीत. इनास सर, शाळेतून रिटायर झालेले. सावंत, विरारला बिल्डिंगमध्ये राहतात, गळ्यात तान्ह्या बाळाएवढी लेन्स. आणि प्रज्ञा, वालीवच्या एका कारखान्यात पॅकिंगची सुपरवायझर.

या ग्रुपमध्ये माझं काम एकच. बघायचं. दुर्बिणीशिवाय. लांबचा ठिपका बघून सांगायचं, हा चिखल्या, हा तुतवार. मागच्या हिवाळ्यात माझ्या डोळ्यांत मोतीबिंदू उतरला. आधी ठिपका दिसेना, मग बांध दिसेना. मी कोणाला सांगितलं नाही. ज्याला दिसत नाही त्याला पक्षी बघायला कोण नेईल? घरी बसावं लागेल, ही एकच भीती होती.

त्या भीतीतलेच बरेचसे किस्से आहेत. हसायला हरकत नाही. मीही आता हसतो. थोडं.

*

आमची ओळख झाली ती माझ्या ओरडण्यातून. तेव्हा माझे डोळे ठणठणीत होते.

रविवार होता, सकाळचे दहा. तिघे बांधावर उभे, दुर्बिणी डोळ्यांना, आणि समोर कोरडं ठाक मिठागर. पक्षी सोडा, माशीसुद्धा नाही.

मी लांबून ओरडलो, "काय हरवलंय?"

"पक्षी बघतोय," सावंत म्हणाले.

"आज तिथी काय?"

सावंतांनी विचार केला आणि म्हणाले, "आज रविवार आहे."

मला राग आला. "रविवार पक्ष्यांना माहीत नाही! आज पंचमी. तिथीची पाऊणपट करा. पाच पाऊणे पावणेचार. पावणेचारला भरती. आत्ता सगळे पक्षी तिकडे खाडीच्या चिखलात चरतायत. भरतीने चिखल बुडला की इथे येतील बसायला. तोवर घरी जा."

सर माझ्याकडे बघत राहिले. "पाऊणकी येते तुम्हाला अजून?"

"चौथीपर्यंत तेवढीच शिकलो. तेवढीच लागली."

ते घरी गेले नाहीत. मिठाच्या जुन्या शेडमध्ये डबे उघडून बसले. मलाही दिलं. पावणेचार वाजले आणि खाडीवरून थवे उठले. शेकाटे, पाणटिवळे, चिखले. एकामागून एक. सगळं मिठागर भरलं. प्रज्ञाच्या तोंडातला घास तोंडातच राहिला.

सावंतांनी घड्याळ बघितलं. "अहो, तीन पंचेचाळीस!"

मी म्हणालो, "मग काय चार म्हणालो होतो का?"

*

मिठागरात पाणी किती आहे ते आम्ही पट्टीने मोजत नाही. शेकाट्या बघतो. लाल काडीसारखे लांब पाय असलेला पक्षी. त्याचा पाय कुठपर्यंत बुडालाय त्यावरून पाणी कळतं.

सावंतांना एकदा बदकांचा फोटो जवळून हवा होता. कडेला उभे राहून विचारलं, "नाना, पाणी किती आहे?"

समोर शेकाट्या उभा होता. मी बघितलं. "वीतभर."

सावंत उतरले. दुसऱ्या पावलाला मांडीपर्यंत आत! कॅमेरा दोन्ही हातांनी डोक्यावर धरला आणि ओरडले, "कॅमेरा घ्या! आधी कॅमेरा घ्या!"

सरांनी कॅमेरा घेतला. मग मी आणि प्रज्ञाने बांबू टाकून सावंतांना ओढून काढलं. एक बूट आतच राहिला.

"वीतभर म्हणालात ना तुम्ही!"

"पाणी वीतभरच आहे. चिखलाचं तुम्ही विचारलं नव्हतं."

*

आता मोतीबिंदूचा हिवाळा.

दिवाळी झाली, लांबचे पाहुणे पक्षी आले, आणि मला पाण्यावर नुसती साय पसरल्यासारखं दिसायला लागलं. पण कान शाबूत होते. पाणटिवळा उठताना कसा बोलतो, तुतवार कसा किरकिरतो, हे मला झोपेत सांगता येतं. शिवाय तिथी माहीत, वारा माहीत. कुठला थवा कुठून येणार ते अंदाजाने कळतं. मी खाडीकडे पाठ करून उभा राहायला लागलो आणि सांगायला लागलो.

"पाणटिवळे. चाळीसेक."

प्रज्ञाने मोजले. एकेचाळीस! "नाना, तुम्ही तिकडे बघितलंसुद्धा नाही!"

"बघायचं तुम्ही. मी फक्त सांगायचं."

थाट जमला होता. पण प्रज्ञाने मोबाईलवर एक अ‍ॅप घेतलं. आवाज ऐकवला की पक्ष्याचं नाव सांगतं. मला वाटलं, आता आपलं काम गेलं. डोळे नाहीत आणि कानांनाही बदली माणूस आला.

पहिल्याच सकाळी मोबाईल वाजला. प्रज्ञा उड्या मारायला लागली. "नाना! हे म्हणतंय युरोपातलं कुठलंतरी घुबड! आपल्याकडे कधीच दिसलेलं नाही!"

तो आवाज परत आला. मी ऐकला.

"पोरी, रस्त्यावर टेम्पो थांबलाय. त्याचा ब्रेक आहे तो."

तिने मान वळवून बघितलं. टेम्पोच होता. मोबाईल पर्समध्ये गेला. मी तीन रविवार खुशीत होतो.

*

पाचूबंदरला कुरव बघायला गेलो होतो. होड्या लागल्या की मासळीच्या मागे हे पांढरे पक्षी घिरट्या घालतात. थंडी संपली की निघून जातात. सरांना कोळणींकडून त्यांची जुनी नावं लिहून घ्यायची होती. जेटीवर माझ्या ओळखीची एक म्हातारी कोळीण टोपली घेऊन बसलेली. सरांनी अदबीने विचारलं, "बाय, या पक्ष्याला तुम्ही काय म्हणता?"

तिने वर बघितलं. "खातंस काय त्याला?"

"नाही, नाही!"

"खायाचा नाय, तं नाव कशाला पायजे?"

सरांनी पेन खिशात ठेवलं. सावंत इतके हसले की कुरव उडाले.

मग तिने माझ्याकडे बघितलं. निरखून बघितलं. "नाना, तुजं डोलं दुधासारकं दिसतान रं."

मी म्हणालो, "तू तुझी मासळी बघ."

सावंतांचं हसणं मधेच थांबलं. मला वाटलं, त्यांनी ऐकलं नसावं.

*

नाताळला सरांच्या घरी जेवण असतं. त्या वर्षी जेवणाआधी तिघांनी माझ्या हातात एक खोका दिला. दुर्बीण! नवी. माझ्या आयुष्यात मला कोणी खोक्यातून काही दिलेलं नाही.

मी म्हणालो, "मला कशाला? माझे डोळे आहेत."

"असू द्या, नाना," सर म्हणाले. "बघा तरी लावून."

सरांच्या वाडीत केळी आहेत, त्यावर चिमुकले शिंजीर पक्षी येतात. सगळे माझ्याकडे बघत होते. मी दुर्बीण डोळ्यांना लावली. आणि समोर काळोख! साय नाही, धुकं नाही, काही नाही. मला वाटलं, संपलं. इथेच, सणाच्या दिवशी, डोळे पूर्ण गेले.

पण चारचौघांत बोलायचं कसं? मी मान हलवली. "वा. स्वच्छ दिसतंय."

सावंत उठले, माझ्याजवळ आले, आणि दुर्बिणीच्या पुढची दोन काळी झाकणं हळूच काढली.

"आता याहून स्वच्छ दिसेल, नाना."

*

घरी तर जास्तच कठीण. बायकोपासून लपवणं म्हणजे खेळ नाही.

एका दुपारी बाहेरून आलो. ओटीवर ती बसलेली, हिरवं लुगडं, खाली मान घालून काहीतरी निवडत होती. मी चपला काढल्या आणि नेहमीसारखं म्हणालो, "चहा टाक."

ती काही न बोलता उठली, आत गेली. पाच मिनिटांत चहा आला. मी प्यायलो. "साखर जास्त पडली."

तेवढ्यात मागच्या दाराने आमची मंडळी आली. पाण्याची कळशी कमरेवर. मला बघितलं, कप बघितला.

ओटीवरची बाई अंगणवाडीची सेविका होती. सर्व्हेसाठी आली होती, कागद लावत बसली होती. बिचारी नवीन होती. तिला वाटलं असेल, या गावात असंच असतं!

ती गेल्यावर आमची मंडळी कमरेवर हात ठेवून उभी राहिली. "खाडीवरची पाखरा मोजताव, न घरची बायको वलखत नाय?"

तिने त्याच संध्याकाळी सरांना फोन केला. मला वाटलं, झालं. आता रविवार बंद.

*

सोमवारी सर स्कूटर घेऊन दारात. मला काही विचारलं नाही, काही समजावलं नाही. एवढंच म्हणाले, "बसा."

मी बसलो. पन्नास वर्षांत माझ्याशी कोणी असं बोललं नव्हतं. मीच लोकांशी असा बोलतो.

वसईत डोळ्यांच्या दवाखान्यात डॉक्टरांनी समोरच्या पाटीवर बोट ठेवलं.

"सगळ्यात वरचं अक्षर सांगा."

"दिसत नाही."

"त्याखालचं?"

"वरचं मोठं दिसत नाही, तर खालचं लहान कसं दिसेल?"

डॉक्टर तरुण होते. त्यांनी पाटीकडे एकदा वळून बघितलं. तेवढ्यात खिडकीबाहेरून आवाज आला. मला राहवलं नाही. मी म्हणालो, "बाहेर करडा धोबी आहे. शेपटी हलवणारा. हिमालयातून येतो. एक नाही, दोन आहेत."

डॉक्टर म्हणाले, "आजोबा, मी डोळे तपासतोय, कान नाही!"

कोपऱ्यातून सर म्हणाले, "कान पास आहेत, डॉक्टर. पुढे चला."

ऑपरेशन झालं. पट्टी काढली तेव्हा समोर आमची मंडळी उभी होती. तिला एवढं स्पष्ट मी किती वर्षांनी बघत होतो कोण जाणे. तोंडातून निघून गेलं, "किती म्हातारी झालीस गं!"

ती म्हणाली, "आदी आरशान बगा."

नर्स हसली. मी आरसा मागितला नाही.

*

आता शेवटचा.

इनास सरांची एक वही आहे. दर रविवारी पक्ष्याचं नाव आणि संख्या त्यात जाते. तिचा कायदा कडक. एकट्याने बघितलेला पक्षी वहीत जात नाही. सर विचारतात, "अजून कोणी पाहिला?" दुसऱ्याने हात वर केला तरच पेन चालतं. एकदा सरांनी स्वतः चक्रवाकाची जोडी बघितली होती. बाकी आम्ही पोचेपर्यंत उडाली. सरांनी लिहिली नाही. दोन दिवस जेवण गेलं नाही म्हणे त्यांना, पण लिहिली नाही.

मोतीबिंदूच्या त्याच हिवाळ्यात, दिवाळीनंतरच्या पहिल्या रविवारी, मला मिठागराच्या मधल्या कप्प्यात काहीतरी दिसलं. उंच, राखाडी, एका जागी. एवढं मोठं होतं की मलासुद्धा दिसलं! मी जोरात म्हणालो, "राखी बगळा. मधल्या कप्प्यात. एक."

तिघांनी दुर्बिणी लावल्या. बराच वेळ लावून ठेवल्या.

सरांनी विचारलं, "अजून कोणी पाहिला?"

प्रज्ञाने हात वर केला. सर लिहायला लागले.

पुढच्या रविवारी तो तिथेच. त्याच्या पुढच्याही. माझा एकुलता एक डोळ्यांनी बघितलेला पक्षी! मी दर रविवारी त्याच्यावर बोलायचो. "बघा, तासभर हलत नाही. मासा येईपर्यंत थांबतो. सावंत, शिका काहीतरी. तुम्ही दोन मिनिटं गप्प उभे राहत नाही."

सावंत म्हणाले, "याच्याइतकं स्थिर मला नाही जमणार, नाना."

डिसेंबरात मोठं उधाण आलं, वारं आलं. त्या रविवारी बगळा नव्हता. मी दोनदा विचारलं. मला करमेना. परत निघताना प्रज्ञा म्हणाली, "येईल हो, नाना. पुढच्या रविवारी येईल."

आणि पुढच्या रविवारी आला! मी त्यांना सुनावलं, "राखी बगळा आपली जागा सोडत नाही. मिठागरात चाळीस वर्षं काढली आहेत मी."

ऑपरेशननंतर डॉक्टरांनी महिनाभर चिखलात जाऊ दिलं नाही. मग शिवरात्रीला दोन दिवस उरले होते तेव्हाचा रविवार ठरला. द्वादशी. बारा पाऊणे नऊ. नऊला भरती, साडेआठला भेटायचं. मला घरी धीर निघेना. मी सातलाच पोचलो.

उजाडत होतं. प्रत्येक बांध वेगळा दिसत होता. पाण्याच्या कडेला उभ्या तुतवाराचे पाय दिसत होते. मी उभा राहून नुसता बघत होतो. कोणाला हात जोडायचे ते कळेना, म्हणून खाडीला जोडले.

मग मधल्या कप्प्याच्या बांधाने चालत गेलो. माझा बगळा बघायला.

तो बांबू होता. जमीन मोजणारे रोवून गेलेला. वर सिमेंटचं रिकामं पोतं.

मी वाकून बघितलं. बांबूचं जुनं भोक दोन हात पलीकडे होतं, पाण्याने भरलेलं. बांबू तिथून उपटला गेला होता आणि कोणीतरी नव्या जागी उभा केला होता. मिठागरातला माणूस असा रोवत नाही. बुडाशी दगड लावले होते. आमच्या मिठागरात दगड नसतो. रस्त्यावरून उचलून आणावा लागतो. चिखलात पावलांची खोल भोकं वाळून गेलेली, दोन मापांची. पोतं उडू नये म्हणून लाल नाडीने बांधलेलं, बुटाची असते तशी.

मी परत येऊन नेहमीच्या जागी उभा राहिलो.

साडेसातला तिघे आले. एक तास आधी! घाईने मधल्या कप्प्याकडे निघालेले. मला बघून जागच्या जागी थांबले. सावंतांच्या गळ्यात कॅमेरा नव्हता. हातात कोयता होता.

"कोयता कशाला?" मी विचारलं.

सावंत म्हणाले, "असाच. बरोबर असलेला बरा."

मी प्रज्ञाच्या पायांकडे बघितलं. आता दिसतं मला. उजव्या बुटाला लाल नाडी होती. डाव्याला सुतळी.

लांबून पाणटिवळ्यांचा पहिला थवा उठला. सरांनी खिशातून वही काढली, पेनाचं टोपण काढलं.

"नाना," सर म्हणाले, "काय दिसतंय?"

मी मधल्या कप्प्याकडे बघितलं. चांगलं, सावकाश बघितलं.

"राखी बगळा," मी म्हणालो. "एक."

सर माझ्याकडे बघत राहिले. मग वहीकडे. मग नेहमीच्या आवाजात विचारलं, "अजून कोणी पाहिला?"

सावंतांनी कोयता खाली ठेवला आणि हात वर केला.